केलेले जाणणे

कोणत्याही सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन नावाचा एक विधी असतो. अध्यक्ष, वक्ते, देणगीदार, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आणि ध्वनिक्षेपकवाले या सर्वांची नावे चिटणीस घाईघाईने वाचतात, आणि तोपर्यंत अर्धी सभा चपला शोधू लागलेली असते. यात श्रोत्यांचा फारसा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या गोष्टीचे प्रदर्शन करावे लागते ती तेथे मुळात कितीशी आहे, अशी शंका माणसाला येणारच. मौज अशी की, ज्यांनी भर दुपारी सतरंज्या झटकल्या, खुर्च्या मांडल्या आणि पाण्याची पिंपे भरून ठेवली, त्यांची नावे त्या यादीत क्वचितच सापडतात.

माया, लागाबांधा, उपकाराची जाणीव हा विषय कीर्तनकारांचा किंवा संतवाङ्मयाच्या अभ्यासकांचा, असा एक समज आहे. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोनस, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांवर बोलावे. दयामायेच्या गोष्टी त्याने कशाला कराव्यात? पण आमचा अनुभव असा की, या प्रश्नाशी गाठ पडल्यावाचून संघटनेचे काम एक दिवसही चालत नाही. मागणीचा कागद टेबलावर ठेवला की समोरून पहिला प्रश्न येतो, 'इतक्या वर्षांचे आमचे उपकार विसरलात काय?' तेव्हा उपकार कशाला म्हणावे, कृतज्ञता कशाला म्हणावे आणि लाचारी कशाला, याचा निवाडा आम्हांस पुस्तकात नव्हे, तर व्यवहारात करावा लागतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीत घडलेल्या काही गोष्टी समोर ठेवून तो निवाडा येथे मांडीत आहोत.

शब्दांची फोड

आपल्या खेड्यातली म्हातारी 'मी आपली आभारी आहे' असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, 'बरं झालं लेकरा, येळंला आलास.' शेजारणीने वाटीभर आमटी धाडली तर ती वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर का होईना तीत घालून द्यायची, हा रिवाज अजून पुष्कळ घरांत पाळला जातो. बेंदराच्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळी चारतात आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. बैलाला आभार कळत नाहीत. पण वर्षभर ज्या खांद्यावर जू होते तोच खांदा चोळायचा, हे शेतकऱ्याला कळते. खंडेनवमीला कारखान्यातला कामगार यंत्राला फूल वाहतो, त्यातही हेच आहे.

आता संस्कृतातून आलेले शब्द पाहा. 'आभार' या शब्दात भार आहे. 'उपकार' हा शब्द चांगला, परंतु तो आपल्या बोलण्यात येतो तो बहुधा 'उपकाराचे ओझे' असाच. 'कृतज्ञ' हा शब्द मात्र वेगळा आहे. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. जो केलेले जाणतो तो कृतज्ञ. त्यात वाकणे नाही, हात जोडणे नाही, ओझेही नाही. त्यात जाणणे आहे. उलट, 'कृतघ्न' म्हणजे केलेले मारून टाकणारा. गरज सरताच वैद्याला मारणारी आपली म्हण याच माणसाविषयी आहे.

या फोडीतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कृतज्ञता जर जाणण्यात असेल, तर तिचा पहिला शत्रू उद्धटपणा नसून अज्ञान होय. साताऱ्याच्या एखाद्या पेठेत सकाळी चहा घेणारा गृहस्थ मनाने अगदी सज्जन असेल. पण त्या कपातली साखर कोणी केली, हे त्याला ठाऊक असते काय? मराठवाड्यातून आणि आपल्याच जतसारख्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे येतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. म्हणजे हिशेबात दोन माणसांचे एक हत्यार होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढतात, आणि त्यांची मुले पाचटाच्या खोपीपाशी खेळत असतात. हे जाणले म्हणजे चहा कडू लागावा असे आमचे म्हणणे नाही. पण जाणल्यानंतर त्या मुलांच्या शाळेचा प्रश्न निघाला, तर तो 'त्यांचा' प्रश्न राहत नाही, एवढे खरे.

पैरा आणि इर्जिक

आपल्या भागात पैरा नावाची चाल होती, आणि काही गावांत अजूनही आहे. एकाच बैलाच्या धन्याला औत जुंपता येत नाही. म्हणून दोघे एकेक बैल एकत्र करतात आणि आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात असे काम उरकतात. भांगलणीला, शेंगा तोडायला बायाही अशाच एकमेकींच्या रानात जातात. याचा हिशेब रुपयांत होत नाही, दिवसांत होतो. 'तिचा एक दिवसाचा पैरा माझ्याकडं हाय' असे बाई सांगते, आणि तो फेडल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

इर्जिक ही त्याच्या पुढची पायरी. एखाद्याचा बैल मेला, कोणी अंथरुणाला खिळला, एखाद्या बाईचा कर्ता पुरुष गेला आणि पेरणी तर तोंडावर आली, तर गावातली दहा-वीस औते एकाच दिवशी त्या रानात उतरत आणि संध्याकाळच्या आत काम उरकून टाकीत. ज्याचे रान, त्याने त्या दिवशी जेवण घालायचे. बस्स, एवढेच. पैऱ्यात हिशेब आहे, इर्जिकीत तो नाही. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. देणारा आणि घेणारा यांच्या जागा कायम नाहीत. आज ज्याने औत आणले त्याच्यावरही उद्या पाळी येऊ शकते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही, आणि जेवण घालणारा त्या दिवशी यजमान असतो.

मात्र या चालींचे गोडवे गाताना डोळे मिटून चालणार नाही. ज्याच्यापाशी बैलही नाही आणि रानही नाही, त्याने पैरा कोणाशी करायचा? गावकीची माया पुष्कळ वेळा जातीच्या पंगतीपुरती असे आणि वेशीपाशी थांबे. वेशीबाहेरच्या माणसाने वर्षभर राबून मिळवलेले बलुते त्याच्या पदरात पडे ते उपकार म्हणून, वरून टाकलेले. हक्काची मजुरी दान म्हणून देणे, ही माणुसकीची उलटी बाजू होय, आणि तीही आपल्याच गावांत शतकानुशतके चालली. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, पैऱ्यातला बरोबरीचा भाव ठेवून त्याची वेस मोडता येईल काय?

एका स्वयंपाकघराची गोष्ट

ती मोडता येते, हे साताऱ्यात सिद्ध झाले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले, आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. घरात दाणा नाही अशी वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, दिले. ही हकीकत साताऱ्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. १९३० साली त्या गेल्या.

लक्ष्मीबाईंच्या त्यागाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्हांस येथे दोन लहान गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे. पहिली म्हणजे मूठभर धान्य. संस्थेसाठी घरोघर दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला ठेवले जाई आणि ते गोळा केले जाई. मूठभर धान्य मागण्यात मोठी समज आहे. शंभर रुपयांची देणगी मागितली तर गरीब घर त्या यादीतून आपोआप गळते. एक मूठ मागितली की तेही घर दाता होते. ज्या घरचा मुलगा बोर्डिंगात जेवतो, तेच घर दुसऱ्या कोणाच्या मुलासाठी मूठ टाकते. आणि जेवणाऱ्या मुलाला आपल्या भाकरीत कोणाची मूठ आहे हे सांगता येत नाही, त्यामुळे त्याला कोणा एकापुढे वाकण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे श्रम. 'कमवा आणि शिका' ही योजना पैसे वाचवण्यासाठी काढलेली युक्ती नव्हती. ज्या मुलाने सकाळी शेतात कुदळ मारली आहे त्याला संध्याकाळची भाकरी भीक वाटत नाही. गरीब मुलाला शिकवणारे दाते जगात पुष्कळ झाले. शिकवताना त्याची मान ताठ राहील याची तजवीज करणारे थोडे.

आणि उतराई? ती कर्मवीरांकडे परत गेली नाही, पुढे गेली. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवू लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बॅरिस्टरीची सनद हाती असताना मुंबईची वाट न धरता त्यांनी साताऱ्याचा वर्ग निवडला. असे नाव न झालेले कितीतरी मास्तर रयतेच्या शाळांतून निघाले आणि आडगावच्या शाळांत राबले. आपल्याला मिळालेली मूठ पुढच्या पोराच्या ताटात टाकणे, हाच तो पैरा. फक्त त्याची वेस आता गावापुरती राहिली नाही. कर्मवीर ९ मे १९५९ रोजी गेले, तरी तो फेडणे थांबले नाही.

नाव न विचारता दिलेली भाकरी

याच मुलुखात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारच्या पराक्रमाच्या कथा आपण ऐकतो. त्या कथांच्या मागे एक शांत कथा आहे. शेकडो भूमिगत माणसे इतकी वर्षे जगली कशावर? वाडीवस्तीवरच्या घरांनी दिलेल्या भाकरीवर.

रात्री दार वाजे. दारात अनोळखी माणूस. बाईने नाव विचारायचे नाही, कारण नाव माहीत नसले तर पोलिसांनी मारले तरी सांगता येत नाही. चूल पेटवायची, भाकरी थापायची, पोरांना गप्प निजवायचे आणि पहाटेच्या आत माणूस वाटेला लावायचा. पकडले गेल्यास घरदार जप्त होण्याची भीती. देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचे. मग आभार कोणी कोणाचे मानायचे?

स्वातंत्र्यानंतर तुरुंगात गेलेल्यांना ताम्रपट मिळाले, निवृत्तिवेतन मिळाले, आणि ते त्यांना मिळायलाच हवे होते. भाकरी थापणाऱ्या बायांची यादी कोणी केली नाही, करता येण्याजोगी ती नव्हतीही. त्यांतल्या बहुतेक आता हयात नाहीत. येथे कृतज्ञतेचा एक कठीण प्रकार सुरू होतो. ज्याचे नाव कळण्याचा मार्गच उरला नाही, त्याचे देणे कसे फेडायचे? आमच्या मते त्याला एकच उपाय आहे. अनोळखी माणूस अडचणीत दारात आला, तर त्याचे गाव, जात, धर्म आणि पक्ष विचारण्याआधी त्याला पाणी विचारायचे. त्या भाकरीची फेड याहून वेगळी होऊ शकत नाही.

कुंपण नसलेला तुरुंग

औंध हे लहानसे संस्थान होते. त्याचे बरेचसे तुकडे आज या दोन जिल्ह्यांत विभागले गेले आहेत. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना केली. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते, ज्यांना भारतानंद म्हणत, त्यांचा त्या कल्पनेत मोठा वाटा होता. शिक्षा झालेल्या माणसांनी भिंतीवाचून, बायकामुलांसह राहावे आणि जमीन कसावी, अशी ती योजना. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती येथूनच. त्याची कथा लिहिली माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांनी.

दया लायक माणसावर करावी, असे शहाणे लोक सांगतात. स्वतंत्रपुराने क्रम उलटा केला. आधी विश्वास टाकला आणि लायकी त्यामागून येऊ दिली. कुंपण नसलेल्या जागी जो कैदी रात्री पळून जात नाही, तो शब्दही न बोलता आपली कृतज्ञता सांगत असतो. कारखान्यात आम्ही याचा पडताळा पाहिला आहे. ज्या फाटकावर कामगाराची रोज झडती होते तेथे माणसे डोळा चुकवायला शिकतात. जेथे भांडाराची किल्ली त्यांच्यापैकीच एकाच्या हाती असते, तेथे खिळासुद्धा सहसा इकडचा तिकडे होत नाही.

दयेचा खर्च कोण भरतो?

आता विषयाच्या गाभ्याशी येऊ. साताऱ्या-सांगलीचे हजारो लोक पोटासाठी मुंबईस गेले. कोणी गिरणीत लागले, कोणी बंदरात आणि बाजारात ओझी वाहू लागले. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने तीत झोपायचे, आणि गावाकडून नवा पोरगा आला की काम लागेपर्यंत त्याला पोसायचे, असा शिरस्ता होता. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवीत बहुधा बायाच, त्याही कोणा कामगाराच्याच घरच्या.

१९७४ साली गिरणीकामगारांचा संप झाला तेव्हा या बायांनी कामगारांना उधारीवर जेऊ घातले. संपकरी म्हणून आम्हांस या गोष्टीचा अभिमान वाटतो. परंतु अभिमानावर थांबणे म्हणजे हिशेब अर्धाच वाचणे होय. त्या बायांनी वाण्याची आणि सावकाराची देणी डोक्यावर घेऊन ते अन्न शिजवले होते. त्यांच्या मायेचा खर्च त्यांनीच भरला, तोही व्याजासकट. हे ज्यांनी जाणले त्या प्रेमाताई पुरव या कामगार चळवळीतल्याच कार्यकर्त्या. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे त्या बायांपर्यंत पोचवली. खानावळवाल्या बायांचे आभार मानणारे पुष्कळ होते. प्रेमाताईंनी त्यांचे केलेले जाणले. सावकाराचा पाश सोडवला.

गरिबाची दया नेहमी त्याच्या स्वतःच्या ताटातून जाते. म्हणून कोणाच्या चांगुलपणावर आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा तो चांगुलपणा त्याला किती महाग पडला, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

याची दुसरी बाजूही आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात बोनसाची बोलणी चालली होती. नाव सांगण्याचे कारण नाही. १९६५ सालच्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस बंधनकारक केला होता, तरी तेथे तो थकला होता. मालक वाईट नव्हते. दिवाळीला मिठाईचा पुडा प्रत्येकाच्या हाती ते स्वतः देत, आणि एका कामगाराच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेला त्यांनी पैसेही दिले होते. बोलणी चिघळली तेव्हा त्यांनी त्या कामगाराला बोलावून घेतले आणि सर्वांसमोर विचारले, 'सांग, मी तुमच्यासाठी काय केलं?' तो बिचारा थोडा वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, 'मालक, आपरेशनला पैसं दिलं ते मी मरंपतूर इसरणार न्हाई. पर त्याच्या बदल्यात बोनस सोडायचा म्हंजे ते पैसं तुमी दिलंच न्हाईत, माझंच मला दिलं, असं हुतंय की.'

यानंतर आम्हांला फारसे बोलावे लागले नाही. त्या माणसाने मालकांचा उपकार नाकारला नाही. उलट, तो उपकार म्हणून जपला. देणगी वसूल करून घेतली की ती देणगी राहत नाही, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले. खाल्ल्या मिठाला जागणे हा मोठा गुण आहे. पण मजुरी हे मीठ नव्हे, ते घामाचे मोल होय.

'हक्काची भाषा आली की माणुसकी संपते,' अशी तक्रार आम्ही वरचेवर ऐकतो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत किंवा कोणत्याही बाजार आवारात उभे राहून तिचा विचार करावा. पूर्वी हमालाच्या पाठीवर शंभर किलोचे पोते असे. अडत्या मनाने चांगला असला तर उन्हात ताकाचा पेला देई. तो पेला खरा होता. पण चाळिशीत गेलेल्या कमरेला ताकाने उतार पडत नाही. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने शिफारस केली की, एका पुरुषाने हाताने वाहून नेण्याचे वजन ५५ किलोंपेक्षा अधिक असू नये. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील हे साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले, स्वतः माथाडी कामगार होते. त्या कायद्याने मंडळे नेमली. हमालाची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला.

मग ताकाचा पेला बंद झाला काय? आम्ही तरी तसे पाहिले नाही. फरक एवढाच पडला की, पूर्वी हमाल तो पेला घेताना उभा राही आणि आता अडत्याशेजारी बसून पितो. हक्क हा मायेचा वैरी नसून तिच्या पायाखालची जमीन आहे. पोटाची भीती गेली की दोन माणसे एकमेकांशी माणसांसारखी वागू शकतात.

पाणी गेले, पाणी आले

अलीकडच्या दोन गोष्टी याच निकषावर तपासून पाहू. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले होते. तेव्हा मिरजेहून आगगाडीने कृष्णेचे पाणी निघाले; १२ तारखेच्या पहाटे पहिली गाडी लातुरास पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ते पाणी देताना मिरजकरांनी लातूरकरांकडून काही घेतले नाही, आणि परतफेडीची वाटही पाहिली नाही. गावाचे रान संपून जिल्ह्यापल्याड गेलेली ती इर्जिक होती.

पुढे तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, तीच कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभाग, मारुती चौक पाण्याखाली गेले, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे गेली. त्या दिवसांत शाळा आणि मंगल कार्यालये उघडली गेली, परक्या गावांहून भाकऱ्यांची गाठोडी आली, अनोळखी पोरांनी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढले. हे सर्व आपण पाहिले आहे.

आणखी एक दृश्यही पाहिले आहे. फाटक्या, विटक्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांनी घेणाऱ्याला जाणले नव्हते. पुरातून उठलेल्या बाईला जुना शालू नको असतो. तिला कोरडी सतरंजी, स्टोव्ह, पोराची वह्यापुस्तके आणि घरातला गाळ उपसायला चार हात हवे असतात. ज्यांनी आधी 'काय पाहिजे?' असे विचारले, त्यांची मदत कामाला आली. म्हणजे जाणणे हे घेणाऱ्याचेच कर्तव्य आहे असे नाही. देणाऱ्यानेही जाणावे लागते.

रोजचा पैरा

मोठ्या संकटात माणसे चांगली वागतात, हे आता सिद्ध करण्याची गरज नाही. कस लागतो तो साध्या मंगळवारी. त्या दिवशी पूर नसतो, संप नसतो, आणि दारात घंटागाडी येते. गाडीवरच्या बाईला 'ताई' म्हणणे चांगले. पण फुटलेली काच कागदात गुंडाळून, वेगळी ठेवून तिच्या हाती देणे अधिक चांगले. कारण मग तिच्या बोटांत काच शिरणार नाही. ती कंत्राटावर आहे काय, तिला हातमोजे मिळतात काय, आजारपणाच्या रजेचा पगार मिळतो काय, हे आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला विचारणे त्याहूनही चांगले. दारात सामानाचा पुडा घेऊन येणाऱ्या पोराला पाण्याचा तांब्या द्यावा, आणि पावसात त्याला उशीर झाला तर मोबाइलवर त्याचे गुण कापू नयेत. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सणाला साडी द्यावी. पण ती साडी पगारवाढीच्या जागी देऊ नये.

देताना तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात, असे आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना सांगतो. मी देतो आहे ते त्याच्या हक्काचेच तर नाही ना? घेतल्यानंतर त्याची मान ताठ राहील ना? आणि माझ्या या चांगुलपणाचा खर्च दुसराच कोणी, बहुधा घरातली बाई, तर भरीत नाही ना? घेतानाही तीन विचारावेत. हे माझ्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आले? त्यांतल्या कोणाचे देणे अजून थकले आहे? आणि ज्याने दिले त्याला परत करता येत नसेल, तर पुढे कोणाला देऊ?

या प्रश्नांना उत्तरे दिल्याने मनुष्य संत होत नाही, आणि संघटनेचे कामही सोपे होत नाही. बोलणी पूर्वीसारखीच चिघळतात. पण समोरचा 'आमचे उपकार विसरलात काय' म्हणाला की, आम्ही शांतपणे सांगू शकतो: विसरलो नाही, म्हणूनच तो हिशेब मजुरीच्या हिशेबात मिसळू देत नाही. दोन्ही वेगवेगळे लिहून ठेवले आहेत, आणि दोन्ही फेडायचे आहेत.